गेफिटिनिब, केमो आणि जामचा चौरस्ता: एका चांगल्या पेपरबद्दल थोडी कुरकुर

आज ज्या पेपरबद्दल लिहितोय तो मुंबईतल्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचा आहे. डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांचे सहकारी यांनी केलेली ही ट्रायल. २०१९ मध्ये शिकागोच्या 'ॲस्को' परिषदेत मांडली गेली आणि 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी'मध्ये छापून आली. फुप्फुसाच्या कर्करोगावर भारतात झालेल्या कामात हिचं नाव वरच्या पाचांत घ्यावं लागेल. तरीही मी ती वाचताना तीन-चार ठिकाणी अडखळलो. तेच तुम्हाला सांगायचंय, कारण या अडखळण्याचा संबंध आपल्याकडच्या माणसांशी आहे, नुसत्या आकडेमोडीशी नाही.

आधी प्रश्न काय होता ते बघू. फुप्फुसाच्या कर्करोगातल्या काही रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल झालेला असतो. युरोप-अमेरिकेत असे रुग्ण दहा-पंधरा टक्के, पूर्व आशियात जवळपास निम्मे, आणि आपल्याकडे साधारण चौथा हिस्सा किंवा थोडे जास्त. यात कधी बिडी-सिगारेटला हात न लावलेल्या बायका बऱ्याच असतात. गावात 'तिनं तर कधी तपकीरही ओढली नाही' असं ज्यांच्याबद्दल म्हणतात, त्या. हा बदल असेल तर गेफिटिनिबची रोज एक २५० मिलिग्रॅमची गोळी चांगली लागू पडते. दम कमी होतो, माणूस उठून बसतो, कधीकधी दोन-तीन आठवड्यांतच. पण काही महिन्यांनी आजार गोळीला दाद देईनासा होतो. मग केमो द्यायची, अशी जुनी रीत. टाटाच्या डॉक्टरांनी विचारलं, गोळी आणि केमो पहिल्या दिवसापासून एकत्रच दिली तर?

३५० रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, म्हणजे संगणकाच्या मदतीनं, दोन गट केले. १७६ जणांना नुसती गोळी. १७४ जणांना गोळी, शिवाय दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लाटिन. अशा चार फेऱ्या झाल्या की कार्बोप्लाटिन बंद आणि पेमेट्रेक्सेड पुढे चालू, आजार वाढेपर्यंत. निकाल असा: नुसत्या गोळीवर आजार आवरून राहण्याचा मध्यक काळ ८ महिने, दोन्हींवर १६ महिने. नुसत्या गोळीवाल्यांचं मध्यक आयुष्य १७ महिने. दोन्ही घेणाऱ्यांचा मध्यक अजून गाठलाच गेला नव्हता, म्हणजे पेपर लिहिताना त्या गटातले निम्मे लोक अजून दगावलेले नव्हते.

'मध्यक' म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या, कारण व्हॉट्सॲपवर याचाच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. शंभर माणसं आयुष्याच्या लांबीप्रमाणे ओळीनं उभी केली तर बरोबर मधल्या माणसाचा आकडा. १७ महिने म्हणजे 'तुमच्या बाबांकडे १७ महिने आहेत' असं नाही. निम्मे त्याआधी जातात, निम्मे त्यानंतर, आणि नंतरच्यांतले काही बरेच नंतर.

दुसरा आकडा ०.४५. याला हॅझार्ड रेशो म्हणतात. अर्थ असा की कुठल्याही टप्प्यावर, तोवर जिवंत असलेल्यांपैकी दगावण्याचा वेग दोन औषधांच्या गटात दुसऱ्या गटाच्या ४५ टक्के होता. याची विश्वासमर्यादा ०.३१ ते ०.६५. म्हणजे नशीब अगदी वाईट धरलं तरी एक तृतीयांशाहून जास्त घट आहे. आकडेशास्त्राच्या बाजूनं हा निकाल भक्कम आहे. मी स्वतः पीएचडीत असल्याच वक्रांशी झटापट करतो, त्यामुळे इतका मोठा फरक दिसला की हात आपोआप शंकेकडे जातो. इथे मृत्यूच मोजलाय, त्यामुळे 'डॉक्टरला माहीत होतं कोण काय घेतंय' ही नेहमीची हरकत फारशी टिकत नाही. आजार 'वाढला' की नाही हे सीटी स्कॅनवरून ठरवताना थोडं मन झुकू शकतं. मृत्यूच्या बाबतीत तशी सोय नाही.

मग अडलो कुठे? त्या १७ महिन्यांपाशी.

हीच गोळी, हाच बदल, पण दुसऱ्या देशांतल्या ट्रायल बघा. जपानमध्ये जवळपास हाच प्रश्न एनईजे००९ या ट्रायलनं विचारला होता. तिथे नुसती गेफिटिनिब घेणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य ३८.८ महिने निघालं. अनेक देशांत झालेल्या 'फ्लॉरा' ट्रायलमध्ये गेफिटिनिब किंवा तिची बहीण एर्लोटिनिब घेणाऱ्यांचं ३१.८ महिने. आणि मुंबईत १७. गोळी एकच, मग दुपटीचा फरक कशानं?

पहिलं उत्तर सरळ आहे. टाटानं जास्त आजारी माणसं घेतली. रुग्ण किती हिंडतो-फिरतो, स्वतःचं स्वतः करतो याला ० ते ४ असे गुण देतात. ० म्हणजे ठणठणीत, २ म्हणजे स्वतःचं करतो पण कामधंदा जमत नाही, ४ म्हणजे खाटेवरच. 'फ्लॉरा'त ० आणि १ वाल्यांनाच प्रवेश होता. टाटाच्या ट्रायलमध्ये २१ टक्के रुग्ण २ गुणांचे होते, आणि १८ टक्क्यांच्या मेंदूत आजार पोचलेला होता. माझ्या मते ही या ट्रायलची सगळ्यात मोठी प्रामाणिक गोष्ट आहे. परदेशी कंपन्यांच्या ट्रायलमध्ये जी माणसं दारावरच परत पाठवली जातात ती इथे आत घेतली. आपल्या ओपीडीत येणारा रुग्ण असाच असतो. धडधाकट माणूस खोकल्यासाठी जामहून नागपूरला जात नाही.

पण एवढ्यानं सगळा फरक भरून निघतो असं मला वाटत नाही. एक साधी वजाबाकी करून बघा. (तज्ज्ञ मंडळी, मध्यकांची अशी वजाबाकी काटेकोर नसते हे मला माहीत आहे, फक्त दिशा बघायची आहे.) जपानमध्ये गोळीचा असर सुमारे १२ महिने टिकला, आयुष्य ३९. म्हणजे गोळी थकल्यावरही अंदाजे २७ महिने. फ्लॉरात १०.२ आणि ३१.८, म्हणजे नंतरचे साडेएकवीस. मुंबईत ८ आणि १७. नंतरचे फक्त ९.

बघा, गोळी चालू असतानाचा फरक दोन-चार महिन्यांचा आहे. खरी दरी पडलीये गोळी थकल्यानंतर. जपानमध्ये आजार वाढल्यावर त्या गटाला प्लाटिनमवाली केमो द्यायची असं ट्रायलमध्येच ठरलेलं होतं. फ्लॉरातल्या बऱ्याच जणांना नंतर ओसिमर्टिनिब मिळालं. आपल्याकडे गोळी थकली की पुढे काय होतं हे विदर्भातल्या कुठल्याही कुटुंबाला विचारा. दम वाढतो, छातीत पाणी भरतं, शेजारच्या डॉक्टरकडून ते काढून आणतात, तारीख पुढे ढकलतात, आणि मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत गुण २ वरून ३ वर गेलेला असतो. मग डॉक्टर केमो द्यायला धजावत नाहीत. त्यांचं चूक नाही. त्या अवस्थेत केमोनं माणूस आधीच जाईल.

आता माझी मुख्य कुरकुर ऐका. 'गोळीला केमो जोडली की आयुष्य वाढतं' हे वाक्य खरं आहे, पण ते दोन वेगवेगळ्या कारणांनी खरं असू शकतं. एक, दोन औषधं मिळून पेशींना लवकर निर्ढावू देत नाहीत, म्हणजे जीवशास्त्र. दोन, ज्यांना पुढे केमो कधी मिळालीच नसती त्यांना ती हातपाय धड असतानाच मिळाली, म्हणजे व्यवस्था. ही ट्रायल या दोहोंना वेगळं करू शकत नाही. तिची तशी रचनाच नव्हती. पण पेपरवर बोलणारे लोक पहिलंच कारण गृहीत धरतात आणि 'कॉम्बिनेशन श्रेष्ठ' म्हणून पुढे जातात. जपानचा अनुभव इथे बोलका आहे. तिथेही सुरुवातीला एकत्र उपचारवाल्यांचं आयुष्य जास्त दिसलं, ३८.८ विरुद्ध ५०.९ महिने. पण जास्त वर्षं पाठपुरावा केल्यावर तो फरक आकडेशास्त्राच्या कसोटीवर तितका ठाम उरला नाही. जिथे दुसरा उपचार वेळेवर मिळतो तिथे 'आधी की नंतर' याचं वजन कमी होतं, असा मी त्याचा अर्थ लावतो. तुम्ही वेगळा लावू शकता.

हा फरक पुस्तकी नाही. कारण पहिलं असेल तर सरळ प्रत्येकाला दोन्ही औषधं द्या. दुसऱ्याचा वाटा मोठा असेल तर आणखी एक रस्ता उरतो. गोळीवरच्या रुग्णाला दर दोन-तीन महिन्यांनी जिल्ह्यातच स्कॅन, फोनवरून विचारपूस, आणि आजार हलला की आठवड्याभरात केमोची खुर्ची. हा रस्ता कुणी चिठ्ठ्या टाकून तपासला तर मला तो पेपर वाचायला फार आवडेल. २०१२ पासून टाटाच्याच पुढाकारानं नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, देशभरातली रुग्णालयं त्यात आहेत. एका रुग्णालयात झालेली ट्रायल अनेक ठिकाणी करून बघायला साचा तयार आहे.

एका रुग्णालयाची गोष्ट निघालीच आहे तर तीही बोलून टाकू. सगळे ३५० रुग्ण एकाच ठिकाणचे, परळचे. याचा फायदा असा की उपचाराचा दर्जा सारखा राहतो. तोटा असा की परळमध्ये जे होतं ते इतरत्र होईलच असं नाही. त्या औषधांच्या जोडीनं १०० पैकी ५१ जणांना तीव्र त्रास झाला, नुसत्या गोळीवर २५ जणांना. म्हणजे दर चार जणांमागे एकाला जास्तीचा मोठा त्रास: रक्तातल्या पेशी घसरणं वगैरे. परळमध्ये अशा माणसाला रात्री दोन वाजताही कुणीतरी बघतं. जाममध्ये ताप आला तर?

जाम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचा चौरस्ता. नागपूरहून चंद्रपूरला जाणारे इथेच वळतात, वर्ध्याला जाणारा रस्ताही इथूनच फुटतो. ट्रक, ढाबे, बसची वाट बघणारी माणसं. हिंगणघाटच्या जिनिंगमधली रुई उडवत येणारी वाहनं. आजूबाजूच्या खेड्यांत अजून काही घरी पऱ्हाट्यांवर चूल पेटते, गॅसचं सिलिंडर पाहुण्यांसाठी. इथून सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय तासाभरावर, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट दीड-दोन तासांवर, आणि टाटा म्हणजे सेवाग्राम एक्स्प्रेसची एक रात्र. तशी बरीच खेडी याहून वाईट जागी आहेत. जामला निदान बस मिळते.

आता हिशेब करा. १६ महिने म्हणजे सुमारे ४८७ दिवस. दर २१ दिवसांनी एक फेरी धरली तर २३ फेऱ्या. प्रत्येक फेरीला आदल्या दिवशी रक्त तपासणी आणि दुसऱ्या दिवशी सलाईन असं धरा, नागपुरात ४६ दिवस जातील. मुंबईला जायचं तर जाणं-येणं धरून फेरीला चार दिवस, म्हणजे ९२. सोबत एक माणूस लागतो, त्याचेही तेवढेच. पेमेट्रेक्सेडसोबत रोज फॉलिक ॲसिड आणि दर नऊ आठवड्यांनी बी-१२ चं इंजेक्शन लागतं, ते मात्र गावातही होईल. अर्जुन गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये याच जर्नलमध्ये या हिशेबाला 'टाइम टॉक्सिसिटी' असं नाव दिलं. उपचारानं मिळालेल्या दिवसांतून उपचारासाठी गेलेले दिवस वजा करायचे. आपल्या आयांना हे नाव माहीत नसेल, हिशेब मात्र पक्का माहीत असतो. 'सोयाबीन काढणीत कोण जाईल तुझ्यासोबत' हा त्याच वजाबाकीचा भाग.

पण वजाबाकी पूर्ण करा, अर्धवट सोडू नका. आजार आवरून राहण्याचे ८ महिने जास्तीचे, म्हणजे सुमारे २४० दिवस. त्यातून ९२ गेले तरी १५० उरतात. म्हणून 'एवढ्या लांब कशाला, गोळीवरच राहू द्या' असा अर्थ या लेखातून कुणी काढू नये. माझ्या घरातल्या कुणाचा प्रश्न असता, हिंडता-फिरता माणूस असता, तर मी नागपुरात दोन्ही औषधं चालू करा असंच म्हटलं असतं. गुण २ असता तर डॉक्टरांसमोर जास्त वेळ बसलो असतो. आणि दोन्हींना नको म्हटलं तर गोळीसोबत एक गोष्ट मागून घेतली असती: पुढच्या स्कॅनची तारीख, लेखी.

आणखी एक गोष्ट पेपरच्या बाहेरची, पण तिच्याशिवाय पेपर अर्धाच राहतो. ट्रायलमध्ये येण्यासाठी आधी ईजीएफआरचा रिपोर्ट हातात हवा. त्यासाठी तुकडा काढायला हवा, तो पुरेसा हवा. त्याच्याही आधी कुणाला तरी कर्करोगाचा संशय यायला हवा. आपल्याकडे तीन आठवडे खोकला, वजन उतरलं, छातीच्या फोटोत डाग, म्हटलं की पहिला विचार टीबीचा. ते बरोबरच आहे, टीबी आहेच तेवढा. चूक होते ती थुंकीत जंतू सापडले नसताना गोळ्या सुरू होतात आणि महिने जातात तेव्हा. ही गोष्ट भारतातल्या कर्करोग रुग्णालयांनी वारंवार नोंदवलेली आहे. थुंकीच्या सीबीनॅट तपासणीत काही नाही, दोन महिने टीबीची औषधं घेऊनही फोटो तसाच किंवा वाईट, असं असेल तर सीटी आणि तुकड्याबद्दल विचारा. विचारलं म्हणून डॉक्टरांचा अपमान होत नाही. या वाटेत जे गळाले ते ३५० मध्ये कधी आलेच नाहीत. कुठल्याही ट्रायलचा मध्यक त्यांच्याबद्दल काही सांगत नाही.

एवढी कुरकुर केल्यावर श्रेयही नीट दिलं पाहिजे. टाटाच्या या गटाची एक खोड मला आवडते: नवं महाग औषध येण्याची वाट न बघता, जवळ आहे त्यातून जास्तीत जास्त काय निघतं ते विचारणं. त्यांनीच डोक्या-मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅब नावाचं महाग औषध फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, देऊन बघितलं. वर्षभरानं जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. गेफिटिनिब, कार्बोप्लाटिन, पेमेट्रेक्सेड ही तिन्ही औषधं भारतीय कंपन्या बनवतात. प्रश्नच असा निवडला की उत्तर आलं तर दुसऱ्या दिवसापासून वापरता यावं. अशी ट्रायल कुठली मोठी कंपनी करेल?

आणि जगानं नंतर तीच वाट धरली. २०२३ मध्ये 'फ्लॉरा २'चे निकाल आले. ओसिमर्टिनिबच्या गोळीला तीच पेमेट्रेक्सेड-प्लाटिनम केमो जोडली तर आजार आवरून राहण्याचा काळ १६.७ वरून २५.५ महिन्यांवर गेला. २०२५ मध्ये आयुष्याचेही आकडे आले: ३७.६ विरुद्ध ४७.५ महिने. म्हणजे जिथे पुढचे उपचार बरे मिळतात तिथेही फायदा दिसतोय, आणि 'सगळं व्यवस्थेचंच आहे' असं म्हणणाऱ्याला (कधीकधी मीच तो) थोडं मागे सरावं लागतं. पण एक बघा, तिथे केमोचा तोल ०.७७ आहे, मुंबईत ०.४५. औषधांची घराणी वेगळी आहेत, ट्रायल वेगळ्या आहेत, सरळ तुलना करू नये हे मान्य. तरी मधल्या त्या अंतरात जीवशास्त्र किती आणि वेळेवर न मिळालेली दुसरी केमो किती, हा प्रश्न मला सोडत नाही.

ओसिमर्टिनिबवरची कस्टम ड्यूटी २०२४ च्या अर्थसंकल्पात माफ झाली. तरी आपल्याकडच्या बहुतेक घरांसाठी ती गोळी अजून लांबच आहे. म्हणून २०१९ चा हा पेपर जुना झाला असं समजू नका. टाटाचा मूळ पेपर वाचायला बसलात तर सारांशावर न थांबता ज्यांचा आजार वाढला त्यांना पुढे कोणते उपचार मिळाले, त्या भागापासून सुरुवात करा. मग वाचून झाल्यावर त्या नऊ महिन्यांबद्दल तुम्हाला काय वाटतं ते खाली लिहा.